तारीख मिळाली नाही तर थांब

दिनांक १४ नोव्हेंबर २०२५

मी, विशाखा सांडू हिवराळे, वय २९ वर्षे, शिक्षण बी.सी.ए., धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी, हल्ली राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर, मूळ राहणार चितेगाव, ता. पैठण.

मला ठाण्यातून बोलावणे आलेले नाही. मी आपणहून आले असून समक्ष सांगते की,

मी वरील पत्त्यावर भाड्याच्या खोलीत एकटी राहते. चितेगाव येथे माझे वडील सांडू, आई सत्यभामा व धाकटा भाऊ सुयश असे राहतात. वडील चितेगाव येथील तेजोनिधी प्रेसिंग्ज या कंपनीत प्रेस मशीनवर काम करतात. करत होते, असे लिहावे. सदर कंपनीत पत्रा दाबून मोटारसायकलचे सुटे भाग तयार होतात. माझे शिक्षण वडिलांच्या त्या कामावर झालेले आहे.

सन २०१९ मध्ये मीही त्याच कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले. वडिलांनी तेथील सुपरवायझर पुंडलिक औताडे यांच्याकडे शब्द टाकला होता. माझे वरिष्ठ म्हणून मॅनेजर श्री. धारूरकर होते. मी तेथे चार वर्षे काम केले व नंतर उस्मानपुऱ्यातील दुकानात लागले. मला कंपनीने काढलेले नाही. माझ्याविरुद्ध कंपनीची कधी तक्रार नव्हती.

प्रेस शॉपमध्ये कॅमेरे लावलेले आहेत. कॅमेऱ्याच्या मशीनमध्ये थोड्याच दिवसांचे चित्रीकरण राहते, पुढे जुन्यावर नवे चढते. कंपनीचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीची अट होती की महिनाभराचे चित्रीकरण जपून ठेवावे. म्हणून रोज सकाळी मागच्या दिवसाचे चित्रीकरण ऑफिसातील कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे, असे ठरले. हे काम आपोआप होण्यासाठी कॅमेरे बसवणाऱ्या ठेकेदाराने एक बॅच फाइल करून दिली होती.

बॅच फाइल म्हणजे काय, असे मला हवालदार धोंडिबा कोरडे यांनी विचारले. ती फाइल आता कुठे आहे, कपाटात आहे का, असेही विचारले. मी सांगितले की ती कागदाची फाइल नाही. कॉम्प्युटरने कोणते काम कशानंतर करायचे त्या आज्ञा एकाखाली एक लिहून ठेवलेल्या असतात. कॉम्प्युटर वरून खाली वाचत जातो व तसे करतो. स्वतःचे डोके लावत नाही.

कॉम्प्युटरवर एक ते एकतीस अशा आकड्यांचे फोल्डर होते. आज बारा तारीख असेल तर बारा नंबरच्या फोल्डरमधले गेल्या महिन्याचे चित्रीकरण पुसायचे व त्या जागी नवे ठेवायचे, एवढेच त्या फाइलचे काम होते. त्यासाठी कॉम्प्युटरला आजची तारीख कळायला लागते. ठेकेदाराने सोपा रस्ता धरला होता. टक्क्याच्या दोन खुणांमध्ये डेट हा इंग्रजी शब्द लिहिला की कॉम्प्युटर तारीख देतो. तिच्यातली पहिली दोन अक्षरे म्हणजे दिवस, असे त्याने धरले होते. आपल्याकडच्या कॉम्प्युटरवर ते बरोबर येते, कारण आपण दिवस आधी लिहितो. परंतु कॉम्प्युटर तारीख कशी दाखवणार हे त्याच्या सेटिंगवर असते. ऑफिसात एक कॉम्प्युटर अमेरिकेच्या सेटिंगचा आला. त्या सेटिंगमध्ये तारखेच्या आधी वाराचे नाव येते. त्यामुळे बारा, तेरा, चौदा असे फोल्डर भरायचे थांबले आणि मंगळवारचे टीयू, बुधवारचे डब्ल्यूई असे वारांच्या नावाचे सात फोल्डर तयार झाले. दर आठवड्याला मागचा आठवडा पुसला जाऊ लागला. मोठ्या कंपनीचा माणूस तपासणीला आला तेव्हा हे उघडकीस आले. तोपर्यंत ऑफिसातील कोणी त्या फोल्डरकडे पाहिलेले नव्हते.

त्यावर श्री. धारूरकर यांनी मला ते नीट करायला सांगितले. मी नीट केले. डेट या शब्दाच्या भरवशावर राहिले नाही. विंडोजमध्ये डब्ल्यूएमआयसी नावाची एक जुनी आज्ञा होती. ती वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट असे सगळे आकडे एका रांगेत देते आणि कुठल्याही सेटिंगवर ते त्याच रांगेने येतात. त्यातून दिवसाचे दोन आकडे मी काढून घेत होते. वेळेचेही तसेच होते. ठेकेदाराच्या पद्धतीत सकाळी दहाच्या आत वेळ घेतली तर नऊच्या आधी शून्य न येता मोकळी जागा येत असे आणि त्या मोकळ्या जागेवर फाइलचे नाव तुटत असे. तेही माझ्या पद्धतीत राहिले नाही.

मला एक भीती वाटली होती, ती येथे सांगणे भाग आहे. समजा काही कारणाने कॉम्प्युटरकडून तारीखच आली नाही. मग "अमुक फोल्डरमधला बारा नंबर पूस" या आज्ञेतला बारा गळून पडतो आणि "अमुक फोल्डर पूस" एवढेच उरते. म्हणजे संबंध महिना जातो. म्हणून पुसण्याच्या आज्ञेच्या आधी मी एक ओळ घातली. तारीख रिकामी आली तर काहीही पुसायचे नाही, काहीही उतरवायचे नाही, पडद्यावर "तारीख मिळाली नाही" असे लिहून थांबायचे. ती ओळ मी श्री. धारूरकर यांना समोर बसवून दाखवली होती. ते म्हणाले होते, "एवढं कशाला? तारीख काय कुठं पळून जाती का?" मी म्हणाले की असू द्या.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी हे वडिलांना सांगितले होते. त्यांना त्यातले पुष्कळसे समजले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या शॉपला सांगितले की, "माझ्या पोरीनं कंपनीच्या कॉम्प्युटरला तारीख शिकविली." मला पुष्कळ दिवस लोक त्यावरून चिडवत होते.

दिवाळीनंतर कंपनी उघडली त्या आठवड्यात, दिनांक २८ ऑक्टोबर रोजी, पहिल्या पाळीत वडिलांचा उजवा हात प्रेसखाली सापडला. अंगठा सोडून चारही बोटे गेली. मला आईचा फोन दुकानात आला. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा वडील शुद्धीवर होते. त्यांनी मला जे सांगितले ते असे. प्रेसच्या तोंडाशी एक सेन्सर असतो. माणसाचा हात आत असेल तर तो प्रेस खाली येऊ देत नाही. सेन्सरमुळे प्रेस सारखा अडतो व माल कमी निघतो. म्हणून पोळ्याच्या सुमारास पुंडलिक औताडे यांनी इलेक्ट्रिशियनला सांगून सेन्सरची वायर बाजूला काढून ठेवली होती. वडिलांनी दोनदा विचारले होते. औताडे म्हणाले होते, "सांडूभाऊ, वीस वर्षं झाली तुम्हाला, हात कवा काढायचा ते मशीननं सांगायचं का तुम्हाला?"

वडिलांनी हे मला दवाखान्यात स्वतःच्या तोंडाने सांगितले. तेव्हा आई व सुयश दोघेही तेथे हजर होते. त्यांना विचारावे. ते काय सांगतील ते मला माहीत आहे, तरी विचारावे.

वडिलांच्या मशीनच्या बरोबर वर चार नंबरचा कॅमेरा आहे. सेन्सरची वायर लोंबताना त्यात दिसणार. वायर काढली तो दिवस जुना झाला असला, तरी त्यानंतरचे सगळे दिवस महिनाभरापर्यंत त्यात असायला हवे होते. म्हणून अपघाताच्या तिसऱ्या दिवशी मी कंपनीत गेले. श्री. धारूरकर यांनी मला बसायला सांगितले, पाणी मागवले. वडिलांची चौकशी केली. चित्रीकरणाचे विचारल्यावर ते म्हणाले,

"सगळं उडालं, विशाखा."

मी म्हणाले, "सगळं म्हणजे?"

"महिन्याचं. कालच ऑफिसचा कॉम्प्युटर बदलला, जुन्यातली डिस्क नव्यात बसवली. नव्या विंडोजमध्ये तुझी ती जुनी आज्ञाच नाय. तारीख रिकामी आली, आन् प्रोग्रामनं समदं पुसून टाकलं."

मी म्हणाले, "तारीख रिकामी आली तर तो थांबतो, सर. तुम्हाला दाखवली होती ती ओळ."

ते म्हणाले, "आता कुणाला आठवतंय. प्रोग्राम तुझा व्हता, एवढं खरं."

मी कॉम्प्युटर पाहू द्या म्हणाले. त्यांनी सांगितले की बाहेरच्या माणसाला ऑफिसातल्या कॉम्प्युटरला हात लावू देता येत नाही. मी तेथे चार वर्षे त्याच खुर्चीवर बसत होते. कॅमेऱ्याच्या मूळ मशीनचे विचारले, तर ते दुरुस्तीला गेले असल्याचे सांगितले. कोणाकडे दुरुस्तीला दिले ते सांगितले नाही. आमच्या धंद्यातली सगळी दुकाने मला माहीत आहेत. मी उस्मानपुऱ्यात व इतरत्र विचारून पाहिले. कोणाकडे ते आलेले नाही.

नव्या विंडोजमध्ये सदर जुनी आज्ञा राहिलेली नाही, ही गोष्ट खरी आहे. दुकानात येणाऱ्या नव्या कॉम्प्युटरवर मी हे रोज पाहते. श्री. धारूरकर यांनी त्यातले खरे तेवढे धरले आणि पुढचे सोडले. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटर का बदलला, याचे उत्तर त्यांनी मला दिले नाही. आधीचा कॉम्प्युटर बंद पडलेला नव्हता.

त्यानंतर कंपनीने ठाण्यास व कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयास लेखी कळवले की, प्रोग्राममधील दोषामुळे चित्रीकरण नष्ट झाले असून सदरचा प्रोग्राम जखमी कामगाराच्या मुलीनेच तयार केलेला होता. ते पत्र मला येथील तपासी अधिकारी पोलीस उपनिरीक्षक श्रीमती गवळी यांनी वाचून दाखवले. त्यातील "मुलीनेच" हा शब्द मला दोनदा वाचून दाखवावा लागला, कारण पहिल्यांदा तो मला नीट कळला नाही.

त्या सुमारास कंपनीच्या ऑफिसातील एक व्यक्ती मला दुकानात येऊन भेटली. हातात बिघडलेला माउस होता. तो बिघडलेला नव्हता. गिऱ्हाईक गेल्यावर ती व्यक्ती म्हणाली,

"ताई, ती थांबायची ओळ होती. मीच काढली. साहेबांनी शेजारी उभं राहून काढायला लावली अन् मग चालव म्हणाले. मला वाटलं नवीन कॉम्प्युटरची चाचणी हाय."

मी विचारले, "चालवल्यावर काय झालं?"

"काय नाय झालं. नुसता पडदा काळा झाला, आन् मग फोल्डर दिसंना. साहेब म्हणले, चहा घे जा."

मी म्हणाले की हे ठाण्यात येऊन सांगशील का. ती व्यक्ती रडू लागली. घरातील दोन माणसे त्याच कंपनीत कामाला आहेत, असे म्हणाली. जाताना माउस टेबलावर विसरून गेली. तो अजून दुकानात आहे.

सदर व्यक्तीचे नाव मला विचारण्यात आले. मी ते सांगणार नाही. नावाशिवाय ही गोष्ट ऐकीव ठरते, असे श्रीमती गवळी यांनी मला समजावून सांगितले. मला ते समजले आहे. ऑफिसात तिघेच जण आहेत. नाव शोधायचे ज्याला असेल त्याला अवघड नाही. परंतु ते माझ्या तोंडून जाणार नाही.

माझ्या मूळ बॅच फाइलची प्रत माझ्याकडे आहे. ती मी आज पेनड्राइव्हवर आणली. हवालदार कोरडे म्हणाले की ही तर तुम्ही काल घरी बसूनही लिहिलेली असू शकते. ते खरे आहे. म्हणून मी म्हणाले की ठाण्यातला कॉम्प्युटर नवीन आहे, त्यावर चालवून दाखवते. मग निदान असे तर कळेल की थांबणारी फाइल थांबते. श्रीमती गवळी यांनी परवानगी दिली. मी चाचणीसाठी वेगळा फोल्डर केला, त्यात एकतीस फोल्डर केले व प्रत्येकात एक चित्र ठेवले. ठाण्याच्या कशालाही हात लावला नाही. आधी ओळीसकट चालवली. पडद्यावर "तारीख मिळाली नाही" असे आले व फाइल थांबली. चित्रे जागच्या जागी होती. मग ती एक ओळ काढून पुन्हा चालवली. सगळे फोल्डर गेले. हे व्हायला चहाचा घोट घेण्याएवढाही वेळ लागला नाही.

श्रीमती गवळी यांनी पडदा आपल्याकडे वळवला. मग त्यांनी विचारले, "आन् त्या टोपलीत? ती कचऱ्याची असते ना, तिच्यात सापडंल का?"

मी सांगितले की या आज्ञेने पुसलेले टोपलीत जात नाही.

कंपनीतील नवीन कॉम्प्युटर पोलिसांनी जप्त केला असून तो तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवायचा आहे, असे मला सांगण्यात आले. अहवाल यायला किती काळ लागेल असे मी विचारले. रांग मोठी आहे, असे उत्तर मिळाले. मी एवढेच सांगते की त्या डिस्कवर दरम्यान दुसरे काही लिहिले गेले असेल तर जुने परत मिळणे कठीण आहे. जप्तीपर्यंत तो कॉम्प्युटर ऑफिसात रोज वापरात होता.

आता वडिलांच्या जबाबाबद्दल सांगते.

माझ्या वडिलांनी दवाखान्यातून घरी आल्यावर पोलिसांना जबाब दिला आहे, हे मला ठाण्यातून कळलेले नाही. काल, दिनांक १३ रोजी, मी चितेगावला घरी गेले तेव्हा कळले. वडील ओट्यावर खाटेवर बसले होते. हात पांढऱ्या पट्टीत गळ्याला बांधला होता. आई त्यांना भाकर कुस्करून देत होती. सुयश घरी नव्हता. मी विचारले सुयश कुठे आहे. आई म्हणाली, "कामाला गेला."

मी म्हणाले, "कुठं?"

वडील म्हणाले, "कंपनीत. स्टोअरला. पर्मनंट केलं."

सुयश आय.टी.आय. झालेला असून गेली काही वर्षे कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे कधी असे, कधी नसे. पर्मनंटसाठी वडील औताडे व धारूरकर यांच्या किती वेळा पाया पडले, ते मी पाहिलेले आहे. तेव्हा कधी जागा निघाली नव्हती.

मी वडिलांना विचारले, "बाबा, काय लिहून दिलं तुम्ही?"

ते म्हणाले, "सेन्सर मीच काढला म्हणून दिलं."

"आणखी?"

त्यांनी पट्टी सावरली. मी पुन्हा विचारले. तेव्हा म्हणाले, "तुझ्या त्या प्रोग्रामात पहिल्यापासून तारखेची चूक व्हती, आन् ते तू घरी बोलली व्हती, असं. तूच म्हणली व्हती ना माय. तारखेची चूक हाय म्हणून."

मी म्हणाले, "ती त्या कॅमेरेवाल्याची चूक होती, बाबा. मी ती नीट केली. तेच तर सांगत होते मी तुम्हाला."

"मला एवढं कुठं कळतंय. धारूरकर साहेबांनी विचारलं, पोरगी काही बोलली व्हती का तारखेचं. मी व्हय म्हणलो."

मी म्हणाले, "तुम्हाला कळत होतं."

त्यावर आई बोलली. ती म्हणाली, "कळत व्हतं तर व्हतं. बोटं येणार हायेत का परत? तुझं काय जातंय त्याच्यात? तू शहरात राहती, तुला दुकान हाय. कागदावर नाव राहील, दुसरं काय व्हणार. ह्या पोराचं आयुष्य हाय समोर."

मी वडिलांकडे पाहिले. ते म्हणाले, "तुला कोण धरून नेतंय का? साहेब म्हणले, मुद्दाम नाय केलं, चुकून झालं, असंच लिहिणार. तुझ्यावर केस नाय व्हणार. मी पक्कं विचारून घेतलं, माय. ते विचारल्याबिगर अंगठा नाय दिला मी."

माझे वडील सही करतात. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेले असून पगाराच्या पावतीवर, बँकेत, माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर त्यांनी सहीच केलेली आहे. आता उजव्या हाताला बोटे नसल्याने डाव्या हाताचा अंगठा दिला आहे. ज्यांनी तो घेतला त्यांनी तसे जबाबात लिहिले आहे की नाही, मला माहीत नाही. नसेल तर लिहावे. माझ्या वडिलांना कोणी अडाणी समजू नये.

मी काल घरी जेवले नाही. संध्याकाळच्या गाडीने परत आले.

आज सकाळी आईचा फोन आला. तिने विचारले, "ठाण्यात जाणार हायेस का?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "जाऊ नको." मी म्हणाले, "जाते आहे." ती म्हणाली, "सुयशची नोकरी गेली तर ह्या घराची पायरी चढू नको." मी फोन ठेवला नाही. तिने ठेवला.

मी हा जबाब दिल्याने भावाची नोकरी जाईल काय, असे मी श्रीमती गवळी यांना विचारले. त्या म्हणाल्या की ते आमच्या हातात नाही. मी विचारले की वडिलांचा जबाब तसाच राहिला व माझाही राहिला, तर कोर्ट कोणाचे खरे मानेल. त्या म्हणाल्या, "जखमी माणूस स्वतः सांगतोय की सेन्सर मी काढला. त्याच्या विरोधात त्याची मुलगी सांगतीय की त्याने नाही काढला. तुम्हीच सांगा." त्यांनी मला आणखी एकदा विचार करायला सांगितले व बाहेरच्या बाकावर बसायला सांगितले. मी बाकावर बसले. तेथे दौलताबादहून आलेले एक कुटुंब हरवलेल्या म्हशीची तक्रार द्यायला बसले होते. त्यांनी मला विचारले की तुमचे काय हरवले. मी काही नाही म्हणाले. नंतर आत येऊन मी सांगितले की जबाब पुढे लिहून घ्यावा.

तरी माझे म्हणणे असे आहे. सेन्सर माझ्या वडिलांनी काढलेला नाही. तो पुंडलिक औताडे यांच्या सांगण्यावरून, माल जास्त निघावा म्हणून काढलेला होता. ही गोष्ट वडिलांनी मला दवाखान्यात सांगितली. चित्रीकरण माझ्या प्रोग्रामच्या चुकीने गेलेले नाही. तारीख न मिळाल्यास थांबण्याची ओळ माझ्या प्रोग्राममध्ये होती. ती अपघातानंतर श्री. धारूरकर यांनी समोर उभे राहून काढायला लावली, असे मला सांगण्यात आले आहे. मी ज्या कामावर चार वर्षे पगार घेतला ते काम मी नीट केलेले होते, एवढे तरी कुठेतरी लिहिलेले असावे, म्हणून मी आले आहे. यातून कोणाला शिक्षा होईल अशी माझी समजूत नाही.

वडिलांनी दिलेल्या जबाबाबाबत तुमचे काय म्हणणे आहे, असा प्रश्न मला शेवटी विचारला. तो जबाब खोटा आहे. सेन्सरबाबत खोटा आहे व माझ्याबाबतही खोटा आहे. तो त्यांनी कोणाच्या धाकाने दिला की आपखुशीने, ते मला सांगता येणार नाही. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

हवालदार धोंडिबा कोरडे यांनी येथवरचा मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. मी स्वतःही वाचला. शेवटच्या वाक्यापुढे त्यांनी आपल्या मनाने "व त्यांच्यावर माझा राग नाही" असे लिहिले होते. तसे मी म्हटले नव्हते. ते शब्द माझ्यासमोर खोडले व खोडल्या जागी मी सही केली. बाकी मजकूर माझ्या बोलण्याप्रमाणे आहे.

विशाखा सांडू हिवराळे

समक्ष नोंदवला,
धों. कोरडे, पोलीस हवालदार